मिलानने बोलोन्याला वेढा का घातला: एका टर्नचा पंचनामा

मेडिव्हल टू टोटल वॉर हा 2006 चा, मध्ययुगीन युरोपातलं एक राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम, म्हणजे आता म्हातारा म्हणायला हरकत नाही, तरी वर्षातून एकदा तरी मी त्यात परत जातोच आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून डोकं फिरतं, कॉम्प्युटरच्या हातातली राज्यं कधी काय करतील याचा नेम नाही. काल ज्यांच्याशी सोयरीक केली ते आज दारात सैन्य घेऊन उभे. सगळे म्हणतात एआय (ती राज्यं चालवणारं कॉम्प्युटरचं डोकं) वेडं आहे, फासे टाकतं आणि हल्ला करतं, मनावर घेऊ नकोस. या खेपेला मी मनावर घेतलं. एक टर्न, म्हणजे एक पाळी, पकडली, तिचीच सेव्ह फाईल (तिथवर साठवलेला डाव) परत परत चालवली, नकाशावरचा काळोख काढून टाकला आणि मिलान नक्की काय बघून माझ्यावर उलटलं ते शोधत बसलो.

आधी डाव कसा होता ते सांगतो. मी होली रोमन एम्पायर, म्हणजे मध्ययुगातलं जर्मन बादशहाचं साम्राज्य, घेतलं होतं, कॅम्पेन (आख्खा डाव) व्हेरी हार्ड, सगळ्यात अवघड पातळीवर. गेम 1080 ला सुरू होतो, एक टर्न म्हणजे दोन वर्षं, 225 टर्न झाल्या की 1530 (गंमत म्हणजे माणसं मात्र दर टर्नला अर्ध्याच वर्षाने म्हातारी होतात, त्यामुळे शंभर वर्षं उलटली तरी राजाचा पोरगा तरणाताठाच). सुरुवातीला हातात फ्रँकफर्ट, न्यूरेंबर्ग, स्टाउफेन, इन्सब्रुक, व्हिएन्ना आणि आल्प्सच्या पलीकडे एकटं पडलेलं बोलोन्या. नकाशावर बघितलं की बोलोन्या म्हणजे घराबाहेर विसरलेली चप्पल वाटते. एका बाजूला मिलान, दुसरीकडे व्हेनिस, खाली फ्लॉरेन्स, त्याच्याही खाली पोप, आणि आपली मदत यायची म्हटलं तर इन्सब्रुकहून डोंगर उतरून यायला दोन-तीन टर्न जाणार.

म्हणून मी पहिल्यापासून शहाणपणा केला. चौथ्या टर्नला मिलानशी युती, ट्रेड राईट्स (व्यापाराचा करार), नकाशांची देवाणघेवाण, सगळं झालं. पुढे राजकन्या वयात आली तशी ती मिलानच्या वारसाला देऊन टाकली. तोपर्यंत मिलानने फ्लॉरेन्स घेतलं होतं, मी उत्तरेत मेट्झ, हॅम्बर्ग, मॅग्डेबर्ग, प्राग असं बंडखोरांच्या ताब्यातलं एकेक उचलत होतो, आणि दोघांचं छान चाललं होतं. रिलेशन चांगले दाखवत होते. त्यांचा डिप्लोमॅट, म्हणजे वकील, अधूनमधून यायचा, नकाशा द्यायचा, निघून जायचा.

बाविसाव्या टर्नला मी बोलोन्यातून सैन्य काढलं. फ्रान्स मेट्झच्या बाहेर घुटमळत होता, मला तिकडे माणसं हवी होती, म्हटलं मिलान तर आपलंच आहे, इथे कशाला एवढी शिबंदी अडकवायची. आत राहिली सेनापती सोडून तीन युनिटं (तुकड्या), दोन स्पिअर मिलिशिया (भालेवाले) आणि एक पेझंट आर्चर्स (तिरंदाज), तेही बिचारे कधी लढायचं नाही अशा समजुतीत. एंड टर्न दाबली. तेविसाव्या टर्नला खलिता, युती मोडली, बोलोन्याला वेढा. बाहेर मिलानचा सेनापती, इटालियन स्पिअर मिलिशिया, क्रॉसबो, थोडे घोडेस्वार. आणि याच्यावर कडी म्हणजे त्याच टर्नला मिलानचा डिप्लोमॅट न्यूरेंबर्गच्या दारात, ट्रेड राईट्स घेता का म्हणून विचारायला. म्हणजे एक हात गळ्यावर आणि दुसरा हात शेकहँडला.

इथे बहुतेक जण शिव्या घालतात आणि खेळत राहतात किंवा रीलोड करतात. मी पण रीलोडच केलं, पण चीट करून निसटायला नाही. कन्सोल, म्हणजे गेमला थेट हुकूम द्यायची खिडकी, उघडून टॉगल एफओडब्ल्यू टाकलं, म्हणजे नकाशावरचं धुकं गेलं आणि सगळ्यांची सगळी सैन्यं उघडी पडली. मग अठराव्या टर्नच्या सेव्हपासून नुसतं बघत आलो, स्वतः तीच चाल खेळत, फक्त नजर मिलानवर ठेवून.

जे दिसलं त्याने अर्धी केस तिथेच सुटली. अठराव्या टर्नला मिलानचं मोठं सैन्य माझ्याकडे तोंड करून नव्हतंच, ते पश्चिमेला फ्रान्सशी अडकलं होतं, मार्सेयवरून त्यांची रस्सीखेच चालली होती. विसाव्या टर्नला मिलान आणि फ्रान्सचा तह झाला. त्याची बातमी मलासुद्धा आली होती, डिप्लोमसीच्या पानावर आख्खं दिसत होतं, मीच बघितलं नव्हतं. तह झाल्यावर ते सैन्य मागे फिरलं, जेनोआवरून मिलानपाशी आलं आणि सरहद्दीवर येऊन बसलं. एक टर्न बसलं. दुसऱ्या टर्नला मी बोलोन्या रिकामं केलं. तिसऱ्या टर्नला वेढा.

आता हेच एखाद्या माणसाने केलं असतं तर आपण त्याला वेडा म्हटलं नसतं, डोकेबाज म्हटलं असतं. मोकळं झालेलं सैन्य, शेजारी जवळपास उघडं शहर, आणि ते शहर नेमकं मिलान आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये, म्हणजे त्यांच्याच दोन खोल्यांच्या मधली भिंत. मी पण हेच केलं असतं. प्राग घेताना मी तरी काय वेगळं केलं, आत किती माणसं आहेत तेवढंच मोजलं होतं.

पण एकदा जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, म्हणून बाविसाव्या टर्नची सेव्ह घेऊन प्रयोग केले. पहिल्यांदा काहीच बदललं नाही, नुसतं परत परत एंड टर्न. जवळजवळ दर वेळी वेढा पडला, पण एकदा मिलानचं सैन्य रस्त्यातच थांबलं आणि नंतरच्या टर्नला आलं, एकदा वेढा घालणारा सेनापतीच वेगळा होता. म्हणजे फासे आहेत, पण फासे "कधी" आणि "कोण" यावर पडतात, "करायचं की नाही" यावर फारसे नाहीत.

मग मी पैसे देऊन बघितले. बाविसाव्या टर्नलाच दोन हजार फ्लोरिन (गेममधलं नाणं) मिलानला फुकट दिले, बदल्यात काही मागितलं नाही. त्यांनी अगदी गोड शब्दात आभार मानले, रिलेशनचा शब्द एक पायरी वर सरकला आणि पुढच्या टर्नला वेढा. माझ्याच पैशाने क्रॉसबो भरती केले असणार.

मग तिसरा प्रयोग, आणि हाच महत्त्वाचा. बोलोन्यातला सेनापती शहराबाहेर काढला, बाहेर मर्सिनरी भाड्याने मिळतात ते जागच्या जागी घेतले, भालेवाले आणि क्रॉसबोवाले, आणि तसाच परत आत गेलो. एका टर्नमध्ये तीनाची सात युनिटं. पैसा नाही दिला, नातं नाही सुधारलं, काही नाही. एंड टर्न. मिलानचं सैन्य जागेवरच. पुढच्या टर्नलाही जागेवरच. त्याच्या पुढच्या टर्नला ते उठलं, बोलोन्याला वळसा घातला आणि दोन टर्ननी व्हेनिसच्या बाहेर तंबू ठोकले. व्हेनिसशीसुद्धा त्यांची युतीच होती.

इथे मला खरं हसू आलं. म्हणजे विश्वासघात तर होणारच होता, फक्त कोणाचा ते शिबंदी मोजून ठरणार होतं.

हे असं का, ते गेमच्या फायलींत बरंचसं लिहिलेलं आहे. मॉडवाले लोक, म्हणजे गेममध्ये स्वतः फेरफार करणारे, ज्या फायलींत हात घालतात त्यातली एक कॅम्पेन एआय डीबी नावाची एक्सएमएल फाईल, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. त्यात दर टर्नला एआयने शेजाऱ्याकडे कसं बघायचं त्याचे नियम ओळीने आहेत. सरहद्दीवर माझं बळ आणि त्याचं बळ यांचं प्रमाण किती, मोकळं सैन्य किती, सध्या किती जणांशी युद्ध चालू आहे, दोस्त आहे का, नातं किती चांगलं, आणि अधूनमधून एक रँड, म्हणजे फासा. यातल्या ज्या अटी जुळतील त्याप्रमाणे त्या शेजाऱ्याबद्दल कल ठरतो, लगेच चढाई करायची, तयारी करत बसायचं, नुसते छापे मारायचे, संधी बघून घुसायचं की गप्प राहायचं. बचावाचंही तसंच, कुठे फक्त नावाला माणसं ठेवायची आणि कुठे तटबंदी धरून बसायचं. आता यात दोस्तीला वजन आहे, नाही असं नाही, पण सरहद्दीवरचं पारडं एकदम झुकलं की दोस्ती पुरत नाही. आणि मी बाविसाव्या टर्नला ते पारडं स्वतःच्या हाताने झुकवलं.

दुसरी एक फाईल आहे जिच्याबद्दल खूप गैरसमज आहेत. कॅम्पेनच्या सुरुवातीच्या मांडणीची, तिच्यात प्रत्येक राज्याच्या नावापुढे दोन शब्द असतात. एक बॅलन्स्ड, ट्रेडर, सेलर, रिलीजस असला, आणि दुसरा स्मिथ, नेपोलियन, चंगेज, माओ, स्टॅलिन, सीझर असला. पहिल्यांदा बघणारा उडतोच, माझ्या शेजाऱ्याच्या नावापुढे स्टॅलिन लिहिलंय म्हणजे हा दगा देणारच! पण हे शब्द मुख्यतः कुठल्या इमारती बांधायच्या आणि कुठल्या प्रकारचं सैन्य भरती करायचं याच्या आवडीनिवडी ठरवतात. दगा कधी द्यायचा ते इथून ठरत नाही. मी सुद्धा पूर्वी हे शब्द बदलून मिलानला साधं करायला बघितलं होतं, मिलान साधं झालं नाही, फक्त त्याचं सैन्य वेगळं झालं आणि त्या वेगळ्या सैन्याने मला धुतलं.

अजून एक गोष्ट व्हेरी हार्डची. या पातळीवर तुमचे इतरांशी संबंध तुम्ही काही न करतासुद्धा हळूहळू घसरत जातात. लेव्हल मीडियम असेल तर गाडी तटस्थाकडे येते, वर गेलात की ती उताराला लागते. म्हणजे भेटी देऊन, मुली देऊन जे कमावलं ते बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी भरल्यासारखं, भरत राहिलात तर पातळी टिकते, थांबलात की गेली. त्यामुळे चौथ्या टर्नला केलेली युती तेविसाव्या टर्नला तितकीच घट्ट असेल असं धरून चालणं ही माझी चूक, एआयची नाही. माणूस आठवण धरून चालतो, "आपण याला मुलगी दिली आहे". एआय दर टर्नला जवळपास नव्याने मोजतं.

आणि तो ट्रेड राईट्स मागणारा डिप्लोमॅट? तो मला जास्त छळत होता, कारण वेढा समजू शकतो पण वेढ्याच्याच टर्नला व्यापार म्हणजे शुद्ध येडेपणा. बघून बघून माझं मत असं झालंय की सैन्य हलवणारा भाग आणि वकील हलवणारा भाग एकमेकांना विचारून चालत नाहीत. सेनापतीला वेगळं काम मिळतं, डिप्लोमॅट आधीच्या टर्नला निघालेला असतो तो आपल्या वाटेने पोचतो आणि पोचला की बोलतो. एकाच दरबारातले दोन कारकून, एकाच्या फायलीत मी दुश्मन, दुसऱ्याच्या फायलीत मी गिऱ्हाईक. आपण त्या दोघांना मिळून एक "मिलान" धरतो, त्याला स्वभाव देतो, कावेबाज म्हणतो. खरं तर त्यातला कुणीच कावेबाज नाहीये.

मूळ डावात, म्हणजे वेढा पडलेल्या सेव्हमध्ये, पुढे जे झालं ते पण सांगितलं पाहिजे, कारण तिथे पोप आला. बोलोन्या पडलं. मी चिडून इन्सब्रुकहून सैन्य उतरवलं आणि थेट मिलानलाच वेढा घातला, तर पुढच्याच टर्नला पोपचा खलिता, एका कॅथलिक राज्यावरचा हल्ला थांबवा नाहीतर बहिष्कृत करू. अरे पण सुरुवात त्यांनी केली! पण माझ्या नावापुढचे पोपच्या मर्जीचे क्रॉस आधीच खाली आले होते, मिलानचे वर होते. बहिष्कार पडला की बाकीच्या कॅथलिक राज्यांना तुमच्यावर तुटून पडायला रान मोकळं, नशीब फारच खराब असेल तर तुमच्याच शहरावर क्रूसेड, म्हणजे धर्मयुद्ध. मुकाट्याने वेढा उठवला. वेड्यासारखं वागणारं मिलान, आणि शिक्षा मला, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं की मी दोन हजार फ्लोरिन मिलानऐवजी रोमला द्यायला हवे होते आणि एक-दोन चर्च बांधायला हवी होती.

यात इतिहासाचा एक धागा आहे तो सोडवत नाही. खऱ्या होली रोमन एम्पायरचा चौथा हेन्री 1076 ला बहिष्कृत झाला, 1077 च्या जानेवारीत कनोसाला बर्फात पोपसमोर माफी मागायला गेला, आणि 1080 ला, म्हणजे गेम जिथे सुरू होतो त्याच वर्षी, पोप सातव्या ग्रेगरीने त्याला परत बहिष्कृत केलं. पुढे बार्बारोसा या बादशहाने 1162 ला मिलान जमीनदोस्त केलं, त्यानंतर पाचच वर्षांत, 1167 ला, लोंबार्ड लीग, म्हणजे उत्तर इटलीतल्या शहरांची एकजूट, उभी राहिली, तिच्यात मिलान आणि बोलोन्या दोघंही, आणि 1176 ला लेन्यानोला याच शहरांच्या फौजेने बादशहाला हरवलं. म्हणजे आल्प्सपलीकडच्या शहरांनी बादशहाचं ऐकू नये ही काही गेमची चूक म्हणता येत नाही. फक्त खऱ्या मिलानकडे कारणं होती, कर, अधिकार, जुनी वैरं, आणि गेममधल्या मिलानकडे एक भागाकार होता.

सगळंच असं नीट उलगडतं असं मात्र नाही हं. याच डावात तिसाव्या टर्नच्या आसपास डेन्मार्कने, तेही दोस्तच, एक जहाज आणून हॅम्बर्गचं बंदर अडवलं आणि युती मोडली. एक जहाज! मी लगेच धुकं काढून बघितलं, म्हटलं मागून सैन्य येत असणार. डेन्मार्कचं सगळं सैन्य आऱ्हुसमध्ये बसून होतं, एक माणूस हलला नाही. हॅम्बर्गमध्ये माझी शिबंदी भरपूर होती, पारडं झुकलेलं नव्हतं, कुठलाही तह झाला नव्हता. ते युद्ध पुढे दहा-बारा टर्न चाललं आणि त्यात एकही लढाई झाली नाही, फक्त माझा समुद्री व्यापार बसला, आणि गंमत म्हणजे त्यांचा पण बसला. तहाला गेलो तर उलट मलाच मांडलिक व्हा म्हणाले, हातात जेमतेम दोन शहरं असताना. मिलानच्या केसला मी हिशेब म्हणेन, डेन्मार्कच्या केसला फासा. सेव्ह मागे नेऊन चालवली तर ते जहाज काही वेळा आलंच नाही, सरळ बंदरासमोरून निघून गेलं.

आणि इथेच लोकांची गल्लत होते असं मला वाटतं. डेन्मार्कचं एक जहाज लक्षात राहतं कारण ते हास्यास्पद आहे, मग मिलानचा वेढाही त्याच पोत्यात टाकला जातो आणि एआय रँडम आहे असा निकाल लागतो. निकाल लागला की आपण तहाच्या बातम्या वाचत नाही, सरहद्दीवर कोण येऊन बसलंय ते बघायला हेर पाठवत नाही. माझ्याकडे त्या अख्ख्या काळात इटलीत एकही हेर नव्हता. टॉगल करून जे मी फुकट बघितलं ते एका हेराने डावाच्या नियमात राहून दाखवलं असतं.

नंतरच्या गेमनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. क्रुसेडर किंग्स थ्री मध्ये समोरच्या राजाचं तुमच्याबद्दलचं मत आकड्यात दिसतं, कशाचे अधिक आणि कशाचे उणे ते ओळीने, शिवाय प्रत्येक पात्राला धाडस, लोभ, मान, सूडबुद्धी असल्या मापांनी बनवलेला स्वभाव, त्यामुळे तिथला दगासुद्धा "हा असाच आहे" म्हणून पचतो. शोगुन टू मध्ये तर तुम्ही फार मोठे झालात की जवळपास सगळा देश ठरवून उलटतो, आणि ते कधी होणार ते पट्टीवर आधीच दिसत राहतं. चांगलं आहे, न्याय्य आहे. तरी मला मेडिव्हल टू चं ते न सांगता उलटणं जास्त आवडतं, तब्येतीला बरं नसलं तरी. आणि ज्यांना अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलसारखे मॉड आहेत, तिथे हीच एआयची फाईल बदलून दोस्त जरा जास्त टिकतील असं बघितलेलं असतं.

सध्या मी सात युनिटंवाला डाव पुढे खेळतोय. व्हेनिसने मिलानला बाहेर ताटकळत ठेवलं, शेवटी व्हेनिस पडलंच, मग हंगेरी त्यात उतरली, आणि मिलानचं तेच जुनं सैन्य आता व्हेनिसमध्ये अर्धं होऊन बसलंय. मागच्या टर्नला मिलान शहरात हेर पाठवला, आत चार युनिटं आहेत, त्यातलं एक टाउन मिलिशिया. युती अजून शाबूत आहे, माझी राजकन्या अजून तिकडेच आहे, पोपच्या क्रॉसचं मी यावेळी आधीपासून बघितलंय. इन्सब्रुकहून दोन सेनापती निघालेत, दोन टर्नमध्ये पोचतील.